टाळ कुठे गेले

पिंप्राळा, जळगाव
रविवार, दुपार

प्रिय दिपू,

अनेक आशीर्वाद. शाळेच्या पत्त्यावर, शिक्षकांच्या खोलीत पाकीट आलेलं पाहून घाबरू नकोस, घरी सगळे बरे आहेत. फोन असताना आबाला पत्र लिहायची काय हुक्की आली, असं तुला वाटेल. कारण सांगतो, पण ते एकदम लिहिता येत नाही, जरा फिरून यावं लागेल. मागच्या आठवड्यातल्या गुरुवारी तू फोनवर मला एक विचारलंस आणि मी ‘हो’ म्हणालो. त्या ‘हो’पासून माझं मन ठिकाणावर नाही. हरिपाठाला बसतो तर मधल्या ओळी गळतात. वखारीत फळी मापतो आणि पेन्सिल कानावरून काढेपर्यंत माप विसरतो. देवळापर्यंत चालत जातो आणि आत न जाताच परत फिरतो. तुझी आई म्हणते, तुम्ही पिंजऱ्यात आहात का? मी म्हणतो, स्पीकरचं पॉलिश वाळत नाही म्हणून फेऱ्या मारतोय.

तुझे स्पीकर झालेत. म्हणजे जवळजवळ. दिवाळीत तू म्हणाली होतीस, आबा, देवळासाठी केलेत तसे मला दोन करून द्या, बाजारातल्या स्पीकरमध्ये भजन ऐकलं की कोणी पत्र्याच्या डब्यात तोंड घालून म्हणतंय असं वाटतं. तेव्हाच वखारीत फैजपूरकडून जुनी सागाची दारं आली होती. मालकांना म्हणालो, यातलं एक मला हवं. रंध्याखाली घातलं तेव्हा वरचा काळा थर गेला आणि आतून मधासारखा रंग निघाला. पण सागाची फळी मोठी ठेवली की अंगात आल्यासारखी स्वतःच घुमायला लागते, म्हणून आतून आडव्या पट्ट्या मारल्या. आवाज आतल्या आत आदळू नये म्हणून लोक फोम लावतात. मी गादीवाल्याकडून पिंजलेला कापूस आणून भरला. खानदेशात राहून कापूस सोडून दुसरं काय भरणार? एका खोक्याच्या बाजूला दाराच्या कडीचं जुनं भोक आलं होतं. ते खुंटी ठोकून, डिंकात भुसा कालवून बुजवलं, कारण सुईएवढी फट राहिली तरी आवाजाचा दम जातो. बुजवलेली जागा दिसते, पण ती खरवडून काढावीशी वाटली नाही. किती वर्षं लोकांनी ती कडी वाजवली असेल.

काम करताना तू सारखी आठवायचीस. लहान असताना वखारीत रंध्याच्या सालींच्या ढिगावर बसायचीस, केसांत साली घालून नवरी व्हायचीस. करवत चालू असली की ओरडून उपयोग नसायचा, म्हणून माझ्यासमोर उभी राहून ओठ मोठे मोठे करून बोलायचीस. आबा, भू-क ला-ग-ली. मला एक अक्षर ऐकू यायचं नाही, पण सगळं कळायचं. बाकीचे कारागीर हसायचे, म्हणायचे, बापलेकी माशांसारखं बोलतात.

संक्रांतीला आलीस तेव्हा खोके नुसते जोडलेले होते. तू कितीतरी वेळ त्यांच्यावरून हात फिरवत बसलीस आणि म्हणालीस, वास तोच आहे. मी विचारलं, पॉलिश गडद करू का फिकं, तुमच्या भिंतींचा रंग कसा आहे? तर म्हणालीस, आबा, ते तिकडे नकोतच, तुमच्याकडेच राहू देत. सासूबाईंना घरात आवाज चालत नाही. हे तू हसत सांगितलंस आणि मीही हसलो. जावईबापू बाहेर गाडीवर बसून होते, त्यांना चहाला आत बोलावलं आणि तो विषय तिथेच राहिला. नंतर लक्षात आलं, त्या दिवशी तू देवळात गेलीस पण गायली नाहीस.

आता टाळांचं सांगतो. स्पीकर पहिल्यांदा जोडले तेव्हा मी देवळातलं ते एकादशीचं रेकॉर्डिंग लावलं, तुझ्या लग्नाआधीचं. तू गातेस आणि मी टाळ धरलेत. सोनगीरहून आणलेले, माझ्या वडिलांचे. मृदंग असा आला की खोक्यावर ठेवलेला हात थरथरला. तुझा आवाज आला, पण घोंगडीआडून आल्यासारखा. आणि टाळ आलेच नाहीत. मला वाटलं, वायर चुकली. वायर बदलली. मग वाटलं, बारीक आवाज काढणारा छोटा पडदा, ट्वीटर म्हणतात तो, खराब लागलाय. तोही बदलला. नंतर कापूस जास्त झाला म्हणून थोडा काढला, थोडा परत भरला. पॉलिशवर पॉलिश चढवलेलं असताना मागची फळी कितीदा उघडली याचा हिशेब नाही. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापडाच्या बोळ्याने एक हात फिरवायचा, वाळला की घासायचा, आणि मधेच उठून पुन्हा ते रेकॉर्डिंग लावायचं. लाकूड आरशासारखं चमकायला लागलं आणि टाळांचा पत्ता नाही. तुझ्या आईने कानावर हात ठेवून सांगितलं की आता ती दिपूसुद्धा पुरे.

शेवटी तोतारामला बोलावलं. आपल्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, तो. तो खोक्यांसमोर बसला, मी रेकॉर्डिंग लावलं, आणि थोड्याच वेळात त्याने तोंड वाकडं केलं. म्हणाला, “आबा, टाळ जरा कमी करा ना हो, कानाला टोचताहेत.”

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्याचं एक बोट गुडघ्यावर पडत होतं, बरोबर जिथे टाळ पडायला हवेत तिथे. मी त्याच्या बोटाकडे पाहत राहिलो. टाळ होते. मी वाजवत होतो. मला सोडून सगळ्या गल्लीला ऐकू जात होते.

तुझी आई किती वर्षं लोकांसमोर म्हणते, “यासले बठ्ठं ऐकू येस, फक्त मन्हं नही.” तिचं सोडून मला सगळं ऐकू येतं, यावर सगळे हसतात, मीही हसतो. कुकरची शिटी मला कधीपासून येत नाही, ते आठवत नाही. त्या संध्याकाळी देवळात गेलो, टाळ हातात घेतले आणि डोळे मिटून वाजवले. हाताला कळत होतं, तळव्याला झिणझिण्या येत होत्या, कानाला काही नव्हतं. एवढी वर्षं पांडुरंगापुढे मी हाताच्या सवयीने वाजवत होतो की काय, देवाला माहीत.

कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. त्यांनी हेडफोन लावला, हातात बटण दिलं, शिटी आली की दाबा म्हणाले. मी शिटीची वाट पाहत बसलो, तर ते हेडफोन काढून म्हणाले, झालं. करवतीपाशी घालवलेल्या वर्षांचं हे देणं आहे. जाड आवाज नीट येतात, बारीक गेलेत. त्यांनी समजावलं की च, त, स, श असली अक्षरं बारीक आवाजाची असतात, ती आधी जातात आणि नुसते स्वर उरतात. समोर माणूस असला की ओठांवरून भागतं, फोनवर भागत नाही. यंत्र बसवता येईल, मागवलंय. आईला मी मळ काढला एवढंच सांगितलंय.

डॉक्टरांच्या पायऱ्या उतरताना मला तुझा फोन आठवला, दिपू, आणि पाय तिथेच थांबले. त्या गुरुवारी आई फैजपूरला बेबामावशीकडे गेली होती, मी पॉलिशचा बोळा फिरवत होतो. तू बराच वेळ बोललीस. मला वाटलं रेंज नाही, मी हं हं करत राहिलो. ‘आईला सांगू नका’ एवढं नीट आलं, कारण ते तू पुन्हा पुन्हा म्हणालीस. मग म्हणालीस, “आबा, मी” आणि पुढे काहीतरी, आणि शेवटी “ऊ का?” तुझा आवाज भरून आलेला कळत होता. तुला तेच परत बोलायला लावणं जिवावर आलं. मी म्हणालो, “हो बेटा, हो.” त्यावर तू फोन ठेवलास. तेव्हापासून आईशी बोलतेस तेही बरी आहे एवढंच. येऊ का, म्हणालीस का? मग आली का नाहीस? राहू का, म्हणालीस? सोडू का? रंधा मारताना, जेवताना, जप करताना मी ही अक्षरं त्या ‘ऊ’च्या आधी लावून पाहतोय. काल राहवेना म्हणून धुळ्याच्या गाडीत बसलो आणि पारोळ्याला उतरून परत आलो. तुझ्या घरी सगळे समोर बसतील, सासूबाई चहा आणतील, आणि आईलाही न सांगितलेली गोष्ट तुला त्या सगळ्यांत मोठ्याने ओरडून सांगावी लागेल. बहिऱ्या माणसापाशी हळू बोलता येत नाही. म्हणून हे पत्र, आणि म्हणून शाळेच्या पत्त्यावर.

तर बेटा, मी तुझं ऐकलंच नव्हतं. ‘येऊ का’ असं विचारलं असशील, तर ते हो खरं आहे, आणि इतके दिवस तू का थांबलीस एवढंच मला विचारायचंय. ‘राहू का, निभावून नेऊ का’ असं काही असेल, तर ते हो माझं नव्हतं, परत घेतो. तिसरंच काही असेल तर कागदावर लिही, मी नीट वाचून उत्तर देईन. फोन करू नकोस. आणि येणार असशील तर लिहीतही बसू नकोस, शाळेतूनच गाडी धर. आईला मी सांभाळीन. स्पीकर पुढच्या खोलीत मांडलेत, शेवटचा हात राहिलाय, तो तू आल्यावर मारू. तू आलीस की टाळ कुठे कुठे पडतात ते ऐकून मला सांगायचं आहे. एक लक्षात ठेव, बाहेरून कडी वाजवलीस तर ती मला ऐकू येणार नाही. म्हणून आजपासून कडी लावत नाही, दार नुसतं लोटून ठेवतो. ढकल आणि आत ये.

तुझाच,
आबा