क्लिपच्या मागची नस

सर, परवा माझ्या हाताखाली फुगा फुटला. मेंदूतल्या नसेवरचा, द्राक्षाएवढा. बाई इथल्या चौक मोहल्ल्यातल्या, चिकनकारीचं भरतकाम करून घर चालवणाऱ्या. क्षणात मायक्रोस्कोपमध्ये नुसतं लाल. तुम्ही शिकवलेलं सगळं क्रमानं केलं. सक्शन धरलं, कापसाची पट्टी ठेवली, मुख्य नसेला तात्पुरती क्लिप लावली, सिस्टर मिनिटं मोजायला लागल्या. मग फुग्याच्या मानेवर कायमची क्लिप बसवली आणि तात्पुरती काढली. रक्त थांबलेलंच राहिलं.

तुम्ही एवढ्यावर सोडलं नसतं. मायक्रोस्कोप तिरका करून तुम्ही क्लिपच्या मागे बघायचात, एखादी केसाएवढी नस चिमटीत आली नाही ना. मी नवा असताना एकदा क्लिप लावून मागे न बघताच 'झालं सर' म्हणालो, तर तुम्ही मला कोपरानं बाजूला सारलंत. "रक्त थांबलंय. पेशंट अजून उठायचाय." मराठीत बोललात, हिंदी बोलणाऱ्या बाकीच्यांसमोर माझी शोभा नको म्हणून. मागे खरंच एक नस अडकली होती. तुम्ही क्लिप काढून पुन्हा लावलीत आणि बाहेर जाऊन नातेवाइकांना सांगितलंत, "पहली क्लिप मुझसे ग़लत लगी थी।" मी तुमच्या मागे उभा होतो. मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, आणि इतकं सुरक्षितही.

परवा मी मागे बघितलं नाही. विसरलो नाही, सर. रक्त थांबल्याचं इतकं बरं वाटलं की पुन्हा तिकडे जायची इच्छाच झाली नाही.

बाई शुद्धीवर आल्या, बोलतात, पण उजवा हात उचलता येत नाही. स्कॅनमध्ये क्लिपमागे अडकलेल्या नसेच्या वाटेवरचा मेंदूचा छोटासा भाग मेलेला दिसतोय. आज सकाळी त्यांच्या मुलीनं विचारलं, "डॉक्टर साहब, अम्मी सुई कब पकड़ेंगी?" मी म्हणालो, फुगा ऑपरेशनमध्येच फुटला, अशा वेळी असं होतं. यातला शब्द न् शब्द खरा आहे. ती हात जोडून म्हणाली, "आपने जान बचा ली।" मी मान डोलावली. नंतर कँटीनमध्ये आलू-टमाटर आणि चार पोळ्या खाल्ल्या. वाईट वाटेल म्हणून वाट बघत होतो, काही वाटलं नाही.

उद्या राउंडला ती मुलगी पुन्हा तिथेच बसलेली असेल. काय बोलेन ते मला अजून माहीत नाही. हा कागद टेबलाच्या खणात राहील. खरं सांगू? तुम्ही हयात असतात, तर मी तुम्हालाही एवढंच कळवलं असतं, की फुगा फुटला आणि पेशंट वाचला.