गवतावरची पांढरी फुली

प्रिय गुद्रुन आत्या,

आज बाबांनी आणि मी तुझी धावपट्टी बंद केली. तू वृद्धाश्रमात गेल्यापासून तिथे एकही विमान उतरलं नाही, आणि बाबांना तिथे जव पेरायचे आहेत. नियमाप्रमाणे गवतावर पांढऱ्या फळ्यांची मोठी फुली मांडली, म्हणजे वरून येणाऱ्याला कळावं की इथे उतरायचं नाही. एक फळी वाकडी वाटली म्हणून मी ती पुन्हा उचलली.

"सोल्वाय, पुरे आता," बाबा म्हणाले. "कोण येतंय बघायला?"

तेवढ्यात खाडीकडून राजहंस आले, आभाळ भरून. तू मारायचीस तशीच त्यांनी शेतावर एक चक्कर मारली, वाऱ्याकडे तोंड केलं आणि एकामागून एक धावपट्टीवर उतरले. पाय पुढे रोवून, ओल्या गवतावरून घसरत, थेट फुलीपाशी येऊन थांबले. फळी माझ्या हातातच राहिली. तुझ्या विमानाला जन्मभर नावं ठेवणाऱ्या बाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"बहिणीवर गेलेत," ते हळूच म्हणाले. "नियम पाळतील तर शपथ."

दर रविवारी तू फोनवर विचारतेस, "आज कुणी उतरलं का गं?" मी नाही म्हटलं की म्हणतेस, "उतरतील. गवत कापून ठेव." फुलीचं तोंडाने सांगवेना, म्हणून हे पत्र लिहायला घेतलं. आता टपालात टाकणार नाही.

उद्या रविवार. तू विचारशील, आणि मी म्हणेन, हो आत्या, उतरले. खूप जण उतरले. हे खोटं नाही ना?

तुझी,
अजून गवत कापणारी सोल्वाय