बोरन्हाणाच्या आधी

कार्ले,
बुधवार, १५ जानेवारी २०२५

चि. सौ. समीक्षा हिस आईचे लय लय आशीर्वाद.

हितं सगळी खुशाल. तुझे आप्पा खोकतात, पण ते दर थंडीचंच हाय.

फोन असताना पत्र कशाला, म्हणशील. फोनवर विहीणबाई स्पीकर लावतात. आणि तोंडानं माझ्याच्यानं बोलवतपण न्हाई. आमच्या केंद्रातली बबिता तुमच्या बेगडेवाडीचीच, तिच्याकडं नाचणी सत्त्वाच्या डब्याबरोबर देतेय. एकटी असताना वाच.

रविवारी स्वराजचं बोरन्हाण, निरोप मिळाला. हलव्याचे दागिने सांगितलेस म्हणे. बरं केलंस.

केंद्रात लय गडबड. वरचा मजला पुरा झाला. रॅम्प केलाय, पोरांच्या चाकाच्या खुर्च्या ढकलत थेट वर. तुला आठवतो का गं हौशीराम आबांचा गोठा? त्यांनी म्हशी विकल्या, डॉक्टरबाईंनी गोठा मागून घेतला आणि मी शेणानं सारवून दिला. तू सहावीत होतीस, नाक धरून यायचीस. दोन बांबू आडवे बांधले, त्यांना धरून पोरांनी चालायचं. झालं केंद्र सुरू! पहिली पोर चिंगी. तिच्या बापानं, बहिरूनं, वरच्या ठाकरवाडीतनं खांद्यावर बसवून आणली, चार वर्षांची. आता नव्वद पोरं, पाच थेरपीवाल्या ताई, न्यायला-आणायला व्हॅन. आणि चिंगी वॉकर घेऊन दारातल्या टेबलाशी असते, नव्या आयांना पाणी देते. मलाच दरडावते, “मावशी, चपला बाहेर!”

पण चिंगी उशिरा आली. पाय आखडून गेलेले. पहिल्या वर्षात आणली असती तर बरंच काही करता आलं असतं, असं बाई तवाच म्हणाल्या. शिरगावचा सत्यम सातव्या महिन्यात आला. तो आज माझ्या हातातनं सुटून पळतो.

नव्या पोरांचे फॉर्म मीच भरते, म्हाईत हाय तुला. त्यात एक रकाना असतो, ‘प्रथम कुणाच्या लक्षात आलं, कधी’. बाया सांगतात, “आमच्या आईला विचारलं व्हतं, ती म्हणली, एखादं मूल आळशी असतं.” मग माझं डोकं फिरतं! ती आई हाय का वैरीण, म्हणत मी पंधरा वर्षं त्या न बघितलेल्या आयांना शिव्या घालत आलेय.

समे, दिवाळीत तू मला काय विचारलंस? आणि मी काय म्हणाले?

तेल लावताना तुझ्या लेकराचे पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढत होते. मूठ उघडेना, अंगठा आत. सहावा महिना लागलेला, तरी मान टाकत होता. माझ्या हातांना तवाच कळलं. आणि मी तोंड वर करून म्हणाले, “आळशी हाय गं गुलाम, बापावर गेलाय.” तू हसलीस. तुझा उतरलेला चेहरा खुलला, मग मला धीरच झाला न्हाई. तीन वर्षांनी पाळणा हाललेला. विहीणबाई तुलाच बोल लावतील, असं मनात आलं. आणि खरं सांगू? रोज असलीच पोरं बघून माझीच नजर बिघडली असंल, देवा, तसंच असू दे, म्हणत अडीच महिने घालवले. जीव थाऱ्यावर न्हाई बघ. रोज वाटतं, आज एक दिवस अजून गेला.

आता ऐक. रविवारची वाट बघू नकोस. परवा शुक्रवारी सकाळच्या लोकलनं त्याला घेऊन ये, मळवलीला मी उभी राहते. विहीणबाई काही बोलल्या तर त्यांना माझ्याकडं धाड, मी बघते. डॉक्टरबाई तपासतील. चालंल का, बोलंल का, ते मला सांगता येत न्हाई. एकदा खोटं बोलले तेवढं पुरे.

बोरन्हाण मात्र व्हायलाच पाहिजे. पाटावर एकटा बसवू नका, मी मांडीवर घेऊन बसते. बोरं-चुरमुरे आम्हा दोघांच्या डोक्यावर पडू देत. बायकांना बघायचं ते बघू दे.

फॉर्म आजच भरलाय. त्या रकान्यात लिहिलंय, ‘आजीच्या. दिवाळीत.’ चिंगीनं वाचलं. मला पाणी आणून दिलं.

रागावून ये, पण ये.

तुझी चुकलेली आई,
नंदा