करंट शुद्ध झाल्यावर

२२ एप्रिल २००७, रविवार

होम थिएटर आलं. पाच स्पीकर, एक वूफर. आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात पहिलंच. मागचे दोन स्पीकर ज्वारीच्या कोठीवर मांडले. बायको द्वारका म्हणाली, आता कोठीतून ज्वारी काढायची कशी. मोठ्या कामाला पहिला विरोध घरातूनच होतो.

चालू केलेलं नाही. आपल्या गावचा करंट म्हणजे संध्याकाळी बल्ब उदबत्तीसारखा आणि जेवणं झाली की डोळे दिपतील इतका. मी शाळेत विज्ञान शिकवतो. असल्या घाणेरड्या करंटवर हे मशीन लावणार नाही म्हणजे नाही.

२५ एप्रिल

कोमलच्या लग्नाची सीडी आली. धाकट्या बहिणीचं लग्न फेब्रुवारीत झालं, सीडी आता. बापू लगेच टीव्हीसमोर येऊन बसले. पोरीचा बाप असून त्यांनी लग्न पाहिलंच नाही. ऐन अक्षतांच्या वेळी नवरदेवाचा मामा रुसून फाट्यावर जाऊन बसला. त्याची समजूत काढून बापू येईस्तोवर पंगत बसली होती.

मी त्या वेळी जनरेटरपाशी मीटर घेऊन उभा होतो. व्होल्टेज हद्दीबाहेर गेलं, तेव्हा ताबडतोब डिसिजन घेतला. त्याबद्दल आजवर कोणी आभार मानले नाहीत.

बापूंना म्हटलं, चार दिवस दम धरा, थिएटरवर दाखवतो.

२९ एप्रिल

स्पाइक गार्ड आणला. बसवल्यावर माहितीपत्रक वाचलं. हा फक्त झटका अडवतो, कमी-जास्त व्होल्टेजशी याला देणं-घेणं नाही. अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. स्पाइक गार्ड हिच्या मिक्सरला देऊन टाकला.

६ मे

नांदेडहून पॉवर कंडिशनर आणला. हिंगोलीपासून जीपमध्ये मांडीवर. पाय अजून बधिर आहेत. गल्लीतल्या धुरपताबाई शेजारी होत्या. विचारून राहिल्या, पिठाची चक्की हाय का. त्यांना समजावून सांगितलं की हे करंटमधला कचरा गाळतं. म्हणाल्या, मंग आमच्या नळाला लावा की.

७ मे

हिरवा दिवा म्हणजे करंट शुद्ध. लाल म्हणजे पुढं सोडणार नाही. दिवसभर लाल. म्हणजे मशीन बराबर काम करून राहिलं. मागं एक नॉब आहे, किती सूट द्यायची ते ठरवायला. कंपनीनं फारच ढिलाई ठेवली होती. मी ती पार आवळून टाकली.

१२ मे

लाल. मग लोडशेडिंग. मग पुन्हा लाल.

बापू रोज संध्याकाळी विचारतात, झाला का हिरवा म्हणून. शेजारचा धम्मानंद एस.टी.त कंडक्टर आहे. त्याचा टीव्ही चौदा इंची, त्याला प्लगसुद्धा नाही. वायरी बोर्डाच्या भोकात घालून काडीपेटीच्या काड्या खोसल्यात. तो बापूंना म्हणाला, आमच्याकडं या, काका, आत्ता लावून देतो.

सीडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. सुरक्षेचा प्रश्न आहे.

१४ मे

दुपारी हिरवा लागला. कपाटाची किल्ली सापडेस्तोवर लाल. आजपासून किल्ली गळ्यात.

१८ मे

अधिक महिना लागला. कोमल आणि जावई धोंडे जेवायला २७ ला येणार. ठरलं. त्याच संध्याकाळी सीडीचा प्रीमियर. गल्लीला आमंत्रण दिलं. बापूंनी नवं धोतर काढून ठेवलंय. द्वारका म्हणाली, तो दिवा न्हाई लागला तर. हिला विज्ञानातलं काही कळत नाही.

२७ मे, सायंकाळी ७

बैठक खच्चून भरली. डोक्यावरचा बल्ब चालू, पंखा चालू, कंडिशनर लाल. मी लोकांना व्होल्टेज म्हणजे काय ते सांगितलं. जावयांचा डोळा लागला. धोंडे जास्त झाले असतील.

धुरपताबाईंनी विचारलं, लगीन याच लाल दिव्यात दिसणार हाय का. मग बापू उठले आणि माझ्यापुढं हात केला. किल्ली मागितली. जावयांसमोर नाही कसं म्हणणार. सीडी घेऊन, बैठकीतला बल्ब-पंखा बंद करून सगळे धम्मानंदकडं गेले.

मी थांबलो. एवढं महागाचं मशीन एकटं सोडून चालत नाही.

२८ मे

काल तिकडं काय झालं ते द्वारकानं सांगितलं.

सीडीत मंगलाष्टकं चालू होती. शेवटच्या सावधानला पडदा काळा. अंधारात फक्त माझा आवाज, थांबा, व्होल्टेज बघू द्या. उजेड आला तेव्हा हार गळ्यात पडून गेलेले. आता कॅमेऱ्याचा लाइट जनरेटरवर होता आणि जनरेटर मी बंद केला, हे खरं. पण लाइट उडाला असता तर जबाबदार कोण?

बापू उठून उभे राहिले म्हणे. मग म्हणाले, मला माझ्या लेकीचं लगीन बघायचंय. धम्मानंदनं शालीचा अंतरपाट धरला. कोमल आणि जावई पुन्हा समोरासमोर उभे राहिले. धुरपताबाईंनी तांदूळ वाटले, गल्लीनं मंगलाष्टकं म्हटली. बापूंनी अक्षता टाकल्या आणि लेकीला धरून रडले. द्वारकानं विचारलं, यांना बोलावून आणू का. बापू नको म्हणाले.

मला तकलीफ नको म्हणून असेल.

इकडं त्याच वेळी हिरवा लागला होता. सगळी गल्ली एका घरात, बाकीच्यांचे पंखे बंद, करंट एकदम शुद्ध. मी मधोमध खुर्ची टाकून बसलो. पाचही स्पीकर तयार होते. लावायला काही नव्हतं.