मधाचं बोट आणि भुजंगप्रयात

नळदुर्ग, १० नोव्हेंबर १९५८, सोमवार.
पाळण्याची करकर आणि माझ्या आईच्या काकणांची आठवणीतली किणकिण पहाटेपासून कानांत आहे. साठ वर्षं झाली, आवाज तोच. घरात पुन्हा पाळणा हलतोय. काल आमच्या लेकीला, शामलाला, मुलगा झाला. आमची रीत ठरलेली: पहिलं दूध म्हणजे चीक, तो पिळून टाकायचा, तीन दिवस बाळाला फक्त मधाचं बोट. आईनं मला असंच वाढवलं. आमची ही, अनसूया, म्हणाली, "म्हणूनच तुमी असं झालात." दुर्लक्ष केलं. शामलाचं पहिलं बाळ आठवड्यात गेलं. या खेपेला रीत तसूभरही सोडायची नाही. वाशीच्या विहीणबाई, जगदेवी, फार कडक. विचारतील.

११ नोव्हेंबर, दुपार.
बाळाचे ओठ कोरडे. रडणं बारीक झालंय. शामलाची छाती दगडासारखी, अंगात ताप. मधाचं बोट पुन्हा लावलं. रीत कायम.
वाशीच्या एस्टीचा ड्रायव्हर दारात अनसूयेशी कुजबुजून गेला. अभिनंदन असेल.

संध्याकाळ.
उपाय सापडला! ओसरीवर भुजंगप्रयात वृत्तात स्वरचित चार ओळी म्हटल्या, रडं एकदम बंद. अनसूयेनं खोलीला आतून कडी लावली होती. "जोरात म्हणा, थांबू नगा!" म्हणाली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिनं कविता मागितली. डोळे भरून आले.

१२ नोव्हेंबर.
शार्दूलविक्रीडित जरा जड पडतं. बाळ दुपारभर झोपलं. शामलाचा ताप उतरला, छातीही हलकी. म्हणजे काव्य बाळंतिणीलाही लागू. मधाची बाटली फडताळात गेली. "तुमच्या कवितेनंच पोट भरतंय की," अनसूया म्हणाली आणि तोंडाला पदर लावला. चुलीचा धूर असावा. पुस्तक लिहायला घेतो: 'वृत्तं आणि अर्भक'.

१३ नोव्हेंबर, सकाळ.
अनसूया पाण्याला, शामला न्हाणीत. बाळ उठलं. भुजंगप्रयात: रडं. शार्दूलविक्रीडित: किंकाळ्या. मंदाक्रांता: पोर काळंनिळं. छातीशी धरलं, तर सदऱ्याची गुंडी चोखायला लागलं.  मागचं बाळ डोळ्यांपुढं आलं.
तेवढ्यात दार वाजलं. दारात विहीणबाई! काखेत डिंकाच्या लाडवांचं गाठोडं. आता झडती होणार, म्हणून घाईनं सांगून टाकलं, तीन दिवस दुधाचा थेंब दिलेला नाही.
त्यांनी आधी बाळाकडं पाहिलं, मग माझ्या ओल्या सदऱ्याकडं.
"मास्तर, मागचं लेकरू मधावर गेलं. 'पाजा' म्हणून डायवराकडं सांगावा म्याच धाडला व्हता. आन् तुमी हितं कोरड्या आडाला मोट लावून बसलाव व्हय?"