पिवळ्या पेटीचे कुलूप

हार्डक्लफ, यॉर्कशर
ता. ३ डिसेंबर २०१०

चि. मॉड हिस हेस्टरताईचे अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र आणि लोकरी मोजे पोचले. मोजे अरनॉल्डने तिथल्या तिथे पायांत चढवले, म्हणजे ते माझ्यासाठी होते की त्याच्यासाठी हा प्रश्न मिटला. तुमच्या कॉर्नवॉलमध्ये अजून गुलाब आहेत हे तू दोनदा लिहिलेस. एकदा पुरले असते.

इथे आठवडाभर बर्फ आहे. आमच्या गल्लीचा चढ तुला ठाऊक आहे. मागे आलीस तेव्हा तीनदा थांबलीस आणि तिन्ही वेळा देखावा बघतेय म्हणालीस. काउन्सिलची बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी खालच्या मोठ्या रस्त्यावरून जाते, वर येत नाही. आमच्यासाठी कोपऱ्यावर पिवळी पेटी ठेवली आहे, तिच्यात खडीमिश्रित मीठ. फावड्याने घ्यायचे, रस्त्यावर टाकायचे. ऑक्टोबरात एकदा भरून देतात. पुन्हा कधी, ते विचारायचे नाही. पेटीवर देखरेख ठेवायला यंदा गल्लीने मला निवडले, म्हणजे दुसऱ्या कोणी हात वर केला नाही. एक झगझगीत जाकीट मिळाले आहे. ते घातले की मी शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडून देणारी बाई दिसते, असे अरनॉल्डचे मत आहे.

हसण्यावारी नेण्यासारखे हे नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार सकाळी आठला हॉस्पिटलची गाडी त्याला डायलिसिसला नेते. ड्रायव्हर शफाकत फार भला माणूस, पण चढावर बर्फ दिसला तर गाडी वर घालायची नाही असा त्याला हुकूम आहे, आणि अरनॉल्ड खालपर्यंत चालू शकत नाही. गेल्या वर्षी एक पाळी चुकली तर त्याचे पाय इतके सुजले की बूट चढेनात. दोन पाळ्या चुकल्या तर काय, हे डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले.

आणि अशात पेटीतले मीठ दिवसाआड वीतभर खाली जाते आहे. नऊ नंबरच्या क्लाइव्ह बॅटीच्या हातगाडीच्या चाकोऱ्या पेटीपासून निघालेल्या मी स्वतः पाहिल्या. त्याचे अंगण ताटासारखे स्वच्छ आहे. हे मीठ सार्वजनिक रस्त्यासाठी आहे, कोणाच्या अंगणासाठी नाही. मी त्याला चोर म्हणते आणि मागे घेणार नाही.

गुलाबांना माझा नमस्कार. तुझा जीव आमच्याकडे लागलेला असू दे.

तुझी
हेस्टरताई

*

ट्रुरो, ता. ८ डिसेंबर

ती. हेस्टरताईस सा. न. वि. वि.

मोजे तुझेच होते. भाऊजींसाठी दुसरे विणते आहे, तेही तेच घालतील.

पाळ्यांचं दोनदा वाचलं. तिथे यावं वाटतं, पण गाड्यांचा भरवसा नाही, आणि आले तर तुझ्या चढावर मीच घसरायची.

ताई, त्या माणसाला तू विचारलंस का? तुझ्या सबंध पत्रात चाकोऱ्या आहेत, अंगण आहे, निकाल आहे. विचारल्याचं कुठे नाही. मी नऊ वर्षांची असताना मुरंब्याच्या बरणीवरून तू माझ्यावर खटला चालवलास, आठवतं? तीन दिवस तू माझ्याशी बोलली नाहीस. मुरंबा बाबांनी खाल्ला होता. चमचा त्यांच्या कोटाच्या खिशात सापडला, आणि तू मला अजून सॉरी म्हटलेलं नाहीस. साठ वर्षं झाली, घाई नाही.

क्लाइव्ह तोच ना, बस डेपोतला मेकॅनिक, ज्याची आयलीन दोन वर्षांपूर्वी गेली? तिच्या केकची चव अजून माझ्या तोंडात आहे.

भाऊजींना सांभाळ. तुझा राग उतरला तरी माया चढतीच राहू दे.

तुझी
मॉड

*

हार्डक्लफ, ता. १४ डिसेंबर

चि. मॉडला अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र एक दिवस उशिरा आले. गुरुवारीच मी पेटीला कुलूप घातले. चांगले पितळी आहे. किल्ली दोरीत ओवून माझ्या गळ्यात. पेटीवर ठळक अक्षरांत पाटी लावली की मीठ हवे असल्यास सात नंबरला विचारावे.

लगेच कुरकुर. चार नंबरच्या मिसेस ओल्डरॉइड म्हणाल्या की त्यांचे नवे खुबे मोडले तर त्या माझ्याच दारात येऊन बोंबलतील. मी म्हटले, जरूर या, पण येताना रस्ता झाडत या. त्यावर त्यांनी दार लावून घेतले, कारण इथे कोणी रस्ता झाडतच नाही. सगळ्यांच्या डोक्यात एक भूत आहे: न झाडलेल्या बर्फावर कोणी पडला तर देवाची करणी, झाडलेल्यावर पडला तर तुम्ही कोर्टात. सरकारी पत्रक मी प्रत्येक दारात उभी राहून वाचून दाखवले, की असे काही होत नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि फावडी परत आत नेली.

बॅटीने पाटी वाचली, टोपीला हात लावला आणि निघून गेला. मन खात असणार.

मीठ आता मीच टाकते, सकाळी साडेसहाला, आमच्या दारापासून पेटीपर्यंत. तिच्या खालचे वळण माझ्या पाठीला झेपत नाही. शुक्रवारी शफाकत म्हणाला की या हिवाळ्यात पहिल्यांदाच वळण वाईट लागले, तीनदा मागे येऊन चढावे लागले. थंडी वाढते आहे, दुसरे काय.

अरनॉल्ड बरा आहे. आमची आठवण पातळ होऊ देऊ नकोस.

हेस्टरताई

*

ट्रुरो, ता. १७ डिसेंबर

ती. ताईस सा. न.

घाईत लिहिते, पोस्ट निघेल.

तू दोन गोष्टी एका पत्रात लिहिल्यास आणि शेजारी ठेवून वाचल्या नाहीस. गुरुवारी पेटीला कुलूप लागलं. शुक्रवारी वळण पहिल्यांदा बिघडलं. तीस वर्षं मुलींना रसायनशास्त्र शिकवलंस. प्रयोगात नेमकं काय बदललं, हे मी तुला विचारायचं का?

आज त्याच्या दारात जा. हट्ट सोड, आम्हाला सोडू नकोस.

मॉड

*

हार्डक्लफ, ता. २२ डिसेंबर

चि. मॉडला अनेक आशीर्वाद.

अक्षर माझे नाही हे तुझ्या लक्षात आले असेल. माझे उजवे मनगट प्लास्टरमध्ये आहे आणि अरनॉल्ड डायलिसिसला गेला आहे. मी सांगते आहे आणि मि. क्लाइव्ह बॅटी लिहून घेत आहेत.

(नमस्कार मॉडबाई. क्लाइव्ह.)

तुझे पत्र सोमवारी दुपारी आले. सकाळी सगळे होऊन गेले होते.

रविवारी बर्फावर पाऊस पडला आणि गोठला. सोमवारी साडेसहाला पेटीशी गेले तर कुलूप थिजलेले, किल्ली आत जाईना. मी घरी येऊन किटलीभर उकळते पाणी नेले आणि कुलपावर ओतले. कुलूप उघडले नाही. पाणी पायाशी गेले आणि मी दुसऱ्यांदा किल्ली लावेपर्यंत त्याची काच झाली. रसायनशास्त्राच्या बाई त्या काचेवर आडव्या झाल्या.

क्लाइव्ह वळणावर होता. कुलूप लावल्यापासून तो स्वतःच्या शेगडीची राख तिथे टाकत होता. आधी मीठ टाकत होता. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे पाचला, हातगाडीने. त्याचे अंगण स्वच्छ असते कारण तो ते खरवडतो. त्याची पाठ अजून धड आहे. हे त्याने मला सांगितले नाही. हॉस्पिटलच्या वाटेवर शफाकतने सांगितले. त्याला वाटत होते की हा काउन्सिलचाच माणूस.

मी नंतर विचारले की गुपचूप का. तर त्याच भुतामुळे. कोणी घसरून कोर्टात गेला तर मीठ कोणी टाकले ते कळू नये म्हणून अंधारात. आयलीनलाही हीच गाडी न्यायची, हे मला माहीत होते. त्यावरून हा वळण कोणासाठी सांभाळतो, हे मला सुचले नाही.

(हे बाईंनी लिहायला लावलं. मी नको म्हणत होतो.)

मधे बोलू नये. त्याने मला उचलून बसवले, घरून लोखंड कापायची मोठी कातर आणली, आणि कुलूप तोडायला माझी परवानगी मागितली. मी बर्फात बसलेली, आणि हा परवानगी मागतो. मग त्याने प्रत्येक दार वाजवले. लोक कोर्टाचे म्हणू लागले, तेव्हा तो म्हणाला की आज सगळे मिळून गुन्हा करू, कोर्टात एवढ्या खुर्च्या तरी आहेत का. मॉड, सगळे आले. मिसेस ओल्डरॉइडनी मांजराच्या संडासाच्या पेटीतली वाळू आणली, कोरी होती असे त्या म्हणतात. कोणी राख, कोणी नाताळच्या स्वयंपाकाचे मीठ. पेटीपासून वळणापर्यंत माणसे फावडी मारत होती, आणि मी कोणीतरी आणलेल्या खुर्चीत बसून सूचना देत होते. कोणी ऐकत नव्हते, आणि काम उत्तम झाले.

गाडी आठ वाजून दहा मिनिटांनी दारात आली. तिने आम्हा दोघांना नेले. अरनॉल्ड म्हणाला की किती वर्षांत आपण असे जोडीने बाहेर पडलो नव्हतो. तो यंत्राला लागला, मी प्लास्टरला, आणि त्याने नर्सच्या हाती मला अर्धी बिस्किटे पाठवली. पाळी चुकली नाही.

आता हे नीट लिहा मि. बॅटी. मी तुम्हाला चोर म्हटले. बहिणीला लिहिले, मनात रोज म्हटले. ते खोटे होते. माझा नवरा आज खुर्चीत बसून कुरकुर करू शकतो ते तुमच्यामुळे आणि या गल्लीमुळे, आणि मी आभारी आहे.

(हे वाक्य मी लिहायला तयार नव्हतो. बाईंनी दोनदा लिहून घेतलं. पहिल्यांदा मी आभारी चुकीचं लिहिलं होतं.)

मॉड, मुरंब्याबद्दलही सॉरी. मि. बॅटींची मान दुखते आहे, म्हणून थांबते. तिकडची ऊब थोडी इकडे पाठवत राहा.

तुझी
हेस्टरताई

ता. क. मॉडबाई, हे माझ्याकडून. बाई चहा करायला गेल्यात, एका हाताने, मदत करू देत नाहीत. पेटी आता उघडीच असते. झाकण धरतं कधी कधी, लाथ मारली की सुटतं. एक गोष्ट मनात राहते म्हणून सांगतो. दोन हजार चार साली एक बादली मीठ मी खरंच माझ्या अंगणात टाकलं होतं. बाईंना कळू देऊ नका. पाकीट मीच चिकटवणार आहे. क्लाइव्ह बॅटी.

वाचले. माझ्या घरातून पत्र तपासल्याशिवाय जात नाही. बादली माफ. डाव्या हाताने, हेस्टर.