त्यांच्या मापाचीच करा

कोल्हापूर
६ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,

दत्ताचा नमस्कार. दाजींचा गुडघा काय म्हणतोय? त्यांना सांग, मलकापुरात थंडी पडायच्या आतच पट्टा बांधून बसू नका, जरा चालत जा. इकडे आम्ही दोघं बरे आहोत. अवंतिकाचा खोकला गेला. भाऊबीजेला तू आणलेल्या करंज्या संपल्या. मी एकच खाल्ली, पण चवीनं.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. मी फोनवर बोलायला लागलो की अवंतिका स्वयंपाकघरातला मिक्सर बंद करून ऐकते. पोस्टापर्यंत मात्र मी अजून एकटा जाऊ शकतो.

मोठी बातमी म्हणजे मी नवी सायकल घेतली. शाहूपुरीतल्या राजवीरच्या दुकानातून. कार्बनची, खास रेसची, दोन बोटांवर उचलता येते इतकी हलकी. माझी जुनी तुला आठवत असेलच. तिच्यावरून मी तुझ्याकडं यायचो आणि तू पाणी द्यायच्या आधी दारातच ओरडायचीस, "गणिताचा मास्तर ना रे तू? असली घट्ट चड्डी घालून सगळ्या गावातनं आलास?" शेजारच्या शालूबाई खास ते ऐकायला बाहेर यायच्या.

ही नवी सायकल मी किती वर्षं मागत होतो, ते तुला माहीत आहे. अवंतिकाचं उत्तर ठरलेलं: "त्यापेक्षा चारचाकी येईल, निदान मी तरी बसीन." आणि गेल्या आठवड्यात तीच चहा पिता पिता म्हणाली, "चला, तुमची ती सायकल बघून येऊ." मी कप खाली ठेवला. आनंद व्हायला हवा होता, तो काही झाला नाही.

दुकानात राजवीरनं माझी मापं घेतली. मागच्या वेळीही त्यानंच घेतली होती. टेप कमरेपाशी आणला आणि मोठ्यानं म्हणाला, "सर, निम्मं अंग कुठं ठेवून आलाय? लोकं घाट चढायला सायकलीचं वजन कमी करत्यात, तुम्ही सवताचंच केलंय की!" मी हसलो. अवंतिका भिंतीवरची हेल्मेटं बघत राहिली. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. कोल्हापूरचा माणूस, जे दिसलं ते बोलला.

त्यानं दोन सायकली काढल्या. एक लांब पल्ल्याची, बसायला आरामाची. दुसरी घाटाची, हलकी, पण पाठ मोडणारी. "तुमच्या वयाला ही पयली बरी," म्हणाला, "धा वर्षं आरामात चालवशीला." मी म्हटलं, "लांब पल्ल्याची नको." तोंडातून निघून गेलं. अवंतिकानं माझ्याकडं पाहिलं, मी टायरकडं पाहिलं. मग गगनबावड्याच्या चढाला हलकीच बरी, वगैरे काहीतरी सारवासारव केली. राजवीर म्हणाला, फ्रेमला पहिल्या मालकाच्या आयुष्यभराची वॉरंटी आहे. मी म्हटलं, "मग कंपनीला काही धोका नाही." या विनोदाला तो एकटाच हसला.

मग किंमत निघाली. ताई, अवंतिका कशी घासाघीस करते, तुला सांगायला नको. तुझ्यासाठी शालू घेतला तेव्हा महाद्वार रोडवरच्या त्या दुकानदारानं तिला शेवटी हात जोडले होते. 'एकच भाव' अशी पाटी दिसली की तिला चेव येतो. मी मान खाली घालून तयारच उभा होतो. राजवीरही कंबर कसून उभा होता. आणि ती म्हणाली, "ठीक आहे. करा बिल."

राजवीर गोंधळला. "वैनी, कमी करतो की. मी वाढवूनच सांगितलंय."

"नको," ती म्हणाली. "राहू दे."

तिथं मला कळलं. म्हणजे शंका होतीच. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाहेर बसवून तिला एकटीला आत घेतलं, तेव्हापासून होती. ती बाहेर आली ती तोंड धुऊन. म्हणाली, स्वादुपिंडाला थोडी सूज आहे, औषधानं उतरेल, ऑपरेशनचीसुद्धा गरज नाही. ऑपरेशनची गरज नाही, हे तिनं पेढे वाटावेत तसं सांगितलं. मी मान डोलावली. मुलांच्या कोऱ्या उत्तरपत्रिका तपासण्यात माझं आयुष्य गेलंय ताई, कोरा चेहरा मला वाचता येतो. तरी मनाची समजूत घालत होतो. आपल्याकडं पेशंटला सांगत नाहीत ही रीतच आहे, कदाचित खरंच सूज असेल, असं. भाऊबीजेला ओवाळताना 'शंभर वर्षांचा हो' म्हणताना तुझा आवाज अडकला, तेव्हाही मी म्हटलं, तुपाच्या दिव्याचा धूर असेल. पण त्याच दिवशी जेवताना तू म्हणालीस, "घे बाबा सायकल, हौस आहे तर." तू! माझ्या चड्डीवरून गाव गोळा करणारी तू! तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत ना?

मला राग नाही. भीती वाटते. दिवसभर ठीक असतो, गोळी घेतली की दुखणंही थांबतं. पण पायात चप्पल सरकवताना, वर्तमानपत्राची घडी घालताना मधेच भीती वाटते. आणि ती कुणाला सांगायची सोय नाही, कारण आमच्या घरात सूज उतरते आहे.

एक गोष्ट राहिली. पुढच्या चाकाच्या चिमट्याची नळी वर हँडलपर्यंत येते. नव्या सायकलीत ती मुद्दाम लांब ठेवलेली असते. मालकाचं अंग सायकलीवर बसलं की जास्तीची नळी त्याच्या मापानं कापतात. राजवीर म्हणाला, "दोन-तीन म्हैनं असंच चालू दे. घाई करू नगा. एकदा कापली की मग दुसऱ्या कुणाला ती नीट बसायची न्हाय, आणि उद्या विकायला काढली तर गिऱ्हाईक पाडून मागतंय."

मी म्हटलं, "कापू नकोस. राहू दे लांब." मनात आलं, पुढंमागं कुणाला तरी बसेल. अवंतिकाला विकता येईल.

"कापा," अवंतिका म्हणाली. "आत्ता कापा. त्यांच्या मापाचीच करा."

"वैनी, पण उद्या..."

"ती दुसऱ्या कुणाला द्यायची नाहीये."

राजवीरनं माझ्याकडं पाहिलं. मी मान हलवली. त्यानं करवत घेतली. कार्बन कापताना काळी बारीक धूळ उडते. अवंतिका शेजारी उभी राहून शेवटपर्यंत बघत होती. अंगठीएवढा तुकडा खाली पडला, तो तिनं उचलला, पदरानं पुसला आणि पर्समध्ये टाकला. मला माहीत आहे हे तिला त्या वेळी कळलं असावं. पण तिनं विचारलं नाही, तर मीही सांगणार नाही. तिला हे नाटक करताना बळ येतं आणि माझ्याजवळ तिला देण्यासारखं आता तेवढंच आहे.

काल सकाळी सायकल काढली. गगनबावड्याच्या रस्त्यानं फुलेवाडीपर्यंत गेलो आणि एका दुकानाच्या पायरीवर बसलो. गगनबावडा आता होणार नाही. मलकापूरही नाही. बसल्या बसल्या स्कूटर थांबल्याचा आवाज आला. अवंतिका. म्हणाली, "भाजी घ्यायला आले होते." रिकामी पिशवीसुद्धा आणली नव्हती. मी म्हटलं, "चल, घेऊ या." आम्ही मेथीची जुडी घेतली. तिनं भाव विचारला आणि पहिल्या शब्दाला दिला. मी तिथंच रडलो असतो.

म्हणून हे पत्र. वाचून झालं की बंबात घाल. अवंतिकाला यातलं काही कळू देऊ नकोस. तिच्यापुढं मला काही माहीत नाही आणि तुलाही.

आणि एक मागतो, नाही म्हणू नकोस. पुढच्या रविवारी तू येशील. सायकल बाहेरच्या खोलीतच उभी आहे, दारातून दिसेल. डोळ्यांना पदर लावू नकोस, 'छान आहे हो' म्हणू नकोस. दारातूनच ओरड. या वयात असली थेरं शोभतात का, पैशाला काय आग लागलीय का, असं शेजारपाजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ओरड.

मी ती चड्डी घालून बसतो.

तुझ्याकडून एकदा नीट शिव्या खायच्या राहिलेला,
दत्ता